खाऱ्या पाण्याचा फोन

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दुकानात एक भिजलेला फोन दुरुस्तीला आला. गावातलीच पाच-सहा पोरं गाडी करून कोकणात गेली होती, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असं फिरून आली. त्यातला एक जण लाटेत उभा राहून सेल्फी काढत होता. लाटेनं फोन नेला. दोन मिनिटांत सापडलाही. मग पुसणं, उन्हात ठेवणं, तांदळाच्या डब्यात खुपसणं असे सगळे उपाय झाले आणि चार दिवसांनी फोन माझ्या काउंटरवर. सिमच्या खाचेत तांदळाचा एक दाणा तसाच.

"दोनच मिनिटं पाण्यात होता, भाऊ," पोरगा म्हणाला. "मागच्या साली इहिरीत पडला तवा अर्धा घंटा होता. तरी चालू झाला होता."

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ हैदराबाद रोडला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. विहिरीतले, नाल्यातले, फवारणीच्या टाकीतले, एकदा तर गाईच्या ढेपेच्या टोपल्यातला, असे सगळ्या जातींचे भिजलेले फोन मी उघडले आहेत. समुद्राचा हा पहिलाच. मागचं झाकण काढलं. पाणी शिरलं की लाल होणारा स्टिकर लाल झाला होता, त्यात नवल नाही. चार्जिंग जॅकवर हिरवट-निळा गंज, तोही पाहिलेला. पण बॅटरीच्या कनेक्टरवर भिंग धरलं आणि मी थांबलो. दोन पिना जागेवर नव्हत्याच. तुटल्या असत्या तर बुडखा राहिला असता. इथं नुसते दोन काळे ठिपके होते. पिना विरघळून गेल्या होत्या.

फोन बंद दिसला तरी बॅटरी जोडलेली असते, म्हणजे पिनांत करंट असतोच. विहिरीचं पाणी त्या करंटला फारसा रस्ता देत नाही. मिठाचं पाणी सडक बांधून देतं, आणि त्या सडकेवरून करंटसोबत धातूही चालला जातो, कणाकणानं. चार दिवसांत पिन साफ.

पोराला सांगितलं, बोर्ड गेला, फोटो निघाले तर पाहू. तो गेल्यावर मात्र मी त्या दोन ठिपक्यांकडं बराच वेळ पाहत बसलो, कारण नेमकी हीच गोष्ट कोणीतरी मुद्दाम, तारीख ठरवून घडवतं हे मी वाचलं होतं. शार्कच्या पाठीवर.

हे शार्कचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. आमच्याजवळच टिपेश्वर अभयारण्य. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली, जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं आणि चालतच राहिला. महाराष्ट्रातले सात जिल्हे, मधे तेलंगणाचा तुकडा, आणि डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. सगळं मिळून ३००० किलोमीटरच्या वर. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' पाडलं. २०२० च्या एप्रिलमध्ये कॉलर काढली तोवर पाच हजारांवर जागा नोंदल्या गेल्या होत्या. पेपरात त्याचा नकाशा आला होता, वेडीवाकडी रेघ, जणू पोरानं पेन्सिल घेऊन गिरवलं आहे. मी तो कापून दुकानात चिकटवला. मग रात्री यूट्यूबवर कॉलर कशी चालते ते शोधलं. यूट्यूबचं कसं आहे, वाघ शोधला तर तो चित्ता दाखवतो, चित्त्यावरून शार्क, आणि शार्कवर मी अडकलो. आता माझ्या फोनमध्ये शार्क दाखवणारं एक ॲप आहे. बायको म्हणते, "समुद्र पाह्यला नाही जन्मात, आन् मासे मोजून राह्यले." ती बरोबरच म्हणते. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. हा खारा फोन म्हणजे माझ्यापर्यंत आलेला पहिला समुद्र.

तर ते यंत्र. इंग्रजीत त्याला पॉप-अप टॅग म्हणतात. मुळ्याएवढं, एका टोकाला फुगीर, वर एक तार अँटेना म्हणून. बारीक टोक लावून ते शार्कच्या पाठीवरच्या पंखाजवळ कातडीत अडकवतात. त्यानंतर ते काहीच पाठवत नाही. गप्प बसून लिहीत राहतं: किती खोल, पाणी किती गार, उजेड किती. महिनोन्महिने. आणि ठरलेल्या दिवशी टॅग स्वतःच एका बारीक धातूच्या पिनेत करंट सोडतो. खारं पाणी, करंट आणि धातू. काही वेळात पिन विरघळते, टॅग सुटतो, वर तरंगून येतो, अँटेना आकाशाकडं करतो आणि साठवलेली गोष्ट उपग्रहाला सांगायला लागतो. माझ्या गिऱ्हाइकाच्या फोनचा ज्यानं घात केला तोच गंज तिथं कामाला लावला आहे. मी हे वाचलं तेव्हा एकटाच हसलो होतो. ज्यानं हे काढलं त्याच्या हातून आधी एखादं चांगलं यंत्र खाऱ्या पाण्यात मेलं असणार, अशी माझी खात्री आहे.

पण तो उजेड कशाला मोजायचा? इथं मला खरी मजा वाटली. पाण्याखाली जीपीएस चालत नाही. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या शिरल्या मरतात. म्हणजे शार्क कुठं आहे हे टॅगला कळणार कसं? तर सूर्यावरून. दिवस किती तासांचा, यावरून उत्तर-दक्षिण कळतं. भरदुपार घड्याळात किती वाजता झाली, यावरून पूर्व-पश्चिम. आमच्या पांढरकवड्याला सूर्य डोक्यावर येतो तो हरिहरेश्वरच्या वीस-बावीस मिनिटं आधी, घड्याळ दोन्हीकडं एकच असलं तरी. एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. शाळेत भूगोलाच्या सरांनी हे पाठ करून घेतलं होतं आणि आम्हाला वाटलं होतं, याचा उपयोग परीक्षेपुरताच. हा हिशोब फार बारीक नाही, शंभर किलोमीटर इकडंतिकडं सहज होतं. आणि दिवस-रात्र सारखी असते त्या मार्च-सप्टेंबरच्या दिवसांत तर उत्तर-दक्षिण जवळपास कळतच नाही, कारण तेव्हा सगळ्या जगात दिवस बारा तासांचाच. पण शंभर किलोमीटरची चूक कुठं बोचते? नागपूर-वर्धा मोजायचं असेल तर. महासागर मोजताना नाही.

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एका मादी पांढऱ्या शार्कला असा टॅग लावला होता. हॉलिवूडच्या निकोल किडमनवरून तिचं नाव ठेवलं निकोल. पुढच्या फेब्रुवारीत टॅग वर आला तो ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला. अख्खा हिंदी महासागर, ११ हजार किलोमीटर, ९९ दिवसांत. मधे कधी पाण्याच्या अगदी वरवर, तर कधी ९८० मीटर खोल. त्याआधी बरीच वर्षं लोकांना वाटायचं की पांढरा शार्क किनारा धरून राहणारा प्राणी. त्याहून गंमत पुढे. २००४ च्या ऑगस्टात निकोल पुन्हा आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्याला दिसली. टॅग तर गळून गेला होता. मग ओळखली कशी? पाठीवरच्या पंखाच्या कडेला ज्या खाचा असतात त्यांच्या फोटोवरून. आपल्याकडं वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, तसंच. नऊ महिन्यांत जाऊन-येऊन २० हजार किलोमीटरच्या वर. सगळ्यात भारी यंत्र गळून गेल्यावर जुना फोटो कामी आला, ही गोष्ट मी दुकानात गिऱ्हाइकांना फार रंगवून सांगतो. जुने फोटो जपून ठेवा म्हणतो. लोक ऐकत नाहीत, मेमरी फुल झाली की डिलीट.

संध्याकाळी दुकानात चार माणसं बसलेली असतात. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, मग वाघ. त्यातले एक काका, वय सत्तरच्या पुढं, निकोलची गोष्ट शांतपणे ऐकून म्हणाले, "थे सारं बरोबर हाय. पण आता कुठी हाय थे?"

मी म्हटलं, काका, ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

"मंग काय उपेग? महिन्यानं सांगते का थो इथून गेलता. आमाले आज सांग ना, आज रातच्याला धुऱ्यावर येते का नाही."

मी त्या वेळी काही बोललो नाही. पण तेव्हापासून मी कोणताही टॅग, कोणतीही कॉलर पाहिली की काकांचा प्रश्न लावून पाहतो. यंत्रांची विभागणी त्या एका प्रश्नावर होते. काही यंत्रं सांगतात तो कुठं कुठं जाऊन आला. काही सांगायचा प्रयत्न करतात तो आता कुठं आहे. शास्त्रज्ञाला पहिलं जास्त हवं असतं, आणि ज्याचं वावर जंगलाला लागून आहे त्याला दुसरं.

दुसऱ्या जातीचं यंत्र शार्कच्या पाठीवरच्या पंखालाच पक्कं बसवतात, वरच्या टोकाजवळ. माझ्या ॲपवर जे ठिपके दिसतात ते यातूनच. पंख पाण्याबाहेर आला की टॅगवरचा ओला-कोरडा स्विच कळवतो, आता बोल. टॅग बोलतो. पाण्यात गेला की गप्प, कारण पाण्यात ओरडून बॅटरी वाया घालवण्यात अर्थ नाही. वर काहीशे किलोमीटरवरून उपग्रह जातो, तो एका जागेवरून दिसतो दहाएक मिनिटंच. आता शार्कनं पंख वर काढायला आणि उपग्रह डोक्यावर यायला एक गाठ पडावी लागते. या व्यवस्थेला आर्गोस म्हणतात, फ्रान्स आणि अमेरिकेनं १९७८ पासून चालवलेली. आणि हे मला फार उशिरा कळलं की त्यात आपलाही वाटा आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं जो 'सरल' उपग्रह सोडला, त्यावर आर्गोसचा रिसीव्हर होता.

जागा कशी काढतात तेही सांगतो, कारण माझ्या दुकानात बसून ते ऐकू येतं. रोडवरून ट्रक हॉर्न दाबत येतो तेव्हा आवाज बारीक असतो, दुकानासमोरून पुढं गेला की भसाडा होतो. आवाज जिथं पलटतो तिथं ट्रक बरोबर दारासमोर. उपग्रह टॅगचा आवाज असाच ऐकतो. फक्त इथं हॉर्न वाजवणारा जागेवर आणि ऐकणारा धावतो. पलटण्याच्या क्षणावरून हिशोब लागतो. शार्कनं एका फेरीत चार-पाच वेळा पंख वर काढला तर जागा बरी मिळते, एकदाच काढला तर ठिपका कुठंही पडू शकतो.

मेरी ली नावाची पांढरी शार्क होती, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या केप कॉडजवळ तिला असा टॅग लावला. सोळा फूट लांब. लोक तिचा ठिपका रोज पाहायचे. २०१७ च्या जूनपर्यंत ठिपका येत राहिला, मग थांबला. याचा अर्थ ती मेली असा नाही, बॅटरी केव्हातरी संपणारच. पाच वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, माझ्या गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या दोन वर्षांत फुगतात. पण ठिपका थांबला की पोटात काय होतं हे आम्हाला माहीत आहे. उमरेड-कऱ्हांडल्याचा 'जय' वाघ आठवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच्या कॉलरचा सिग्नल गेला तो गेलाच. किती शोधलं. पुढच्याच वर्षी त्याचा बछडा श्रीनिवास, तोही कॉलरवाला, नागभीडकडं शेताच्या कुंपणातल्या करंटनं मेला. रानडुकरांसाठी लावलेली तार. मी हे लिहितो आहे आणि मला माहीत आहे की हे वाचणाऱ्यांतल्या काहींच्या धुऱ्यावर आजही रात्री तार जिवंत असते. सरळ लाईनवरून तार जोडू नका. झटका मशीन वेगळी, लाईनचा करंट वेगळा.

टॅग मरणही सांगतो, कधी कधी. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो.

पोरबीगल नावाचा एक मध्यम शार्क असतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये केप कॉडजवळ एका गाभण मादीला टॅग लावला, लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास. ती समुद्रात गेली. पाच महिन्यांनी तिचा पॉप-अप टॅग बर्म्युडाजवळ वर येऊन बोलायला लागला, ठरल्यापेक्षा आधीच. नोंदी उघडल्या. बाकी दिवस नेहमीसारखे: दिवसा खोल जाणं, तिथं पाणी गार, रात्री वर येणं, तिथं कोमट. पण शेवटचे चार दिवस वेगळे. टॅग १५० ते ६०० मीटरमध्ये वर-खाली होतो आहे आणि तापमान मात्र २२ अंशांवर खिळलेलं. सहाशे मीटर खोल पाणी असं कोमट नसतं. म्हणजे टॅग पाण्यात नव्हताच. तो कोणाच्या तरी पोटात होता. मग चार दिवसांनी पोटातून बाहेर पडून वर आला.

पांढरा शार्क किंवा माको असावा असा अंदाज आहे. या जातींच्या शार्कच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडीच जास्त ऊब असते, देवमाशाचं पोट असतं तर आकडा आणखी वर गेला असता. फोटो नाही, रक्ताचा थेंब नाही, नुसता एक आकडा जागेवरून हलला नाही, आणि त्यावरून कळलं की एवढ्या मोठ्या शिकाऱ्यालाही खाणारा आहे. गाभण होती, म्हणजे तिच्यासोबत पिलंही गेली. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "वाघानं बिबट खाल्ला म्हण ना." बरोबर.

मेकॅनिकच्या नजरेनं पाहिलं तर या यंत्रांत मला हेवा वाटावा अशा दोन गोष्टी आहेत. एक बांधणी. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच भारी 'वॉटरप्रूफ' फोनची हमी दीड मीटर पाण्याची, अर्ध्या तासाची. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका हवेइतका वाढतो. पॉप-अप टॅग २००० मीटर सोसतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशे पट. यात रबराची वॉशर काय करणार? ते लोक आत हवाच ठेवत नाहीत, सगळं राळेत ओतून दगड करतात. तरंगायला लागणारा फुगवटासुद्धा फुगा नसतो, राळेत काचेचे बारीक पोकळ मणी कालवलेले असतात. दुरुस्ती मात्र शून्य. माझ्यासारख्याचं पोट त्यावर भरणार नाही.

दुसरी बॅटरी. आवाजावर चालणारे टॅग असतात, हाताच्या बोटाएवढे, ते दहा-दहा वर्षं चालतात. रेडिओ पाण्यात मरतो पण आवाज पाण्यात छान धावतो, म्हणून हे टॅग मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा चिमणीसारखे टिवटिवतात, ६९ किलोहर्ट्झवर, आपल्या कानाच्या पलीकडं. बाकी वेळ झोप. समुद्रात जागोजागी कान बसवून ठेवलेले असतात, शार्क काहीशे मीटरच्या आत आला की कान त्याचा नंबर लिहून घेतो. बऱ्याच कानांची वही वाचायला माणसाला बोट घेऊन जावं लागतं. पण काही कान तरंगत्या बोयाला बांधून थेट उपग्रहाशी जोडले, तेव्हा काकांच्या प्रश्नाला प्रथमच सरळ उत्तर मिळालं. पश्चिम ऑस्ट्रेलियात दहा-बारा वर्षांपूर्वी तीनशेच्या वर शार्कना असे टॅग लावले, आणि एखादा किनाऱ्यापासून किलोमीटरभराच्या आत आला की ट्विटरवर आपोआप मेसेज पडायचा: अमुक जातीचा, इतका मोठा, या किनाऱ्याजवळ, इतके वाजता.

"असं पाह्यजे," काका म्हणाले.

मी म्हटलं, ताडोब्याजवळच्या सीतारामपेठला कॅमेरे लावले आहेतच तसे, वाघ समोरून गेला की एआय ओळखून मोबाईलवर कळवतं.

"सीतारामपेठले ना. आपल्या इकडं?"

आमच्या इकडं काय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलत भावाची गाय मारली. आम्ही एका ऑफिसात विचारायला गेलो की बापा, कॉलरवाला वाघ आहे का इकडं, असेल तर कुठं आहे. उत्तर मिळालं, लोकेशन देता येत नाही. कारण शिकारी. ठिपका ज्याच्या हाती पडेल तो नेक माणूस असेलच असं नाही, हे मला पटतं. पण ज्या तऱ्हेनं सांगितलं ते पटलं नाही. जणू आम्हीच तार घेऊन उभे आहोत. मेरी लीचा ठिपका सगळ्या जगाला दिसत होता, कारण ठिपका पाहून तिच्या मागं कोण किती वेळात पोचणार? आमच्या वाघाच्या ठिपक्यापर्यंत मोटारसायकल जाते.

तसा समुद्रातही ठिपका लपून फायदा झालाच असं नाही. २०१९ साली जगभरातल्या दीड हजारावर शार्कच्या रेघा एकत्र करून त्यावर मासेमारी जहाजांच्या रेघा ठेवून पाहिल्या. जहाजंही आपली जागा उपग्रहाला कळवत असतात. शार्क वावरतात त्या खुल्या समुद्रातला महिन्याकाठी सरासरी २४ टक्के भाग लांब गळदोऱ्यांच्या जहाजांखाली येतो, असं निघालं. खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटले आहेत, ते असं. शार्क कोणाच्या मागं लागून कुठं जातो हे पाहायला टॅग लावला आणि दिसलं हे की त्याच्या मागं कोण आहे.

यंत्र एका कामाला लावावं आणि त्यानं भलतंच काही दाखवावं, याचे किस्से पुष्कळ आहेत. टायगर शार्क म्हणजे अंगावर पट्टे असलेला, आपल्या वाघाचा नावबंधू. बहामाजवळ अशा शार्कांच्या पाठीवर कॅमेरे बसवले. शार्क आपल्या वाटेनं फिरत राहिला आणि कॅमेऱ्यात खाली समुद्रतळाला गवतच गवत. किती? २०२२ साली हिशोब आला, कमीत कमी ६६ हजार आणि जास्तीत जास्त ९२ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा विदर्भ ९७ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत एक कुरण पाण्याखाली होतं आणि ते शार्कनं मोजून दिलं. पाणबुड्यांना हे जमलं नसतं, त्यांना श्वास घ्यायला वर यावं लागतं. तसेच अंटार्क्टिकाकडचे हत्ती सील. त्यांच्या डोक्यावर केसांना यंत्र चिकटवतात, ते बर्फाखाली जाऊन पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजून आणतात. वर्षातून एकदा कात टाकली की यंत्रही गळतं. मजुरी मासे.

आणि कॅलिफोर्नियाचा पांढरा शार्क. उपग्रहाच्या टॅगवरून कळलं की ते हिवाळ्यात किनारा सोडून मेक्सिको आणि हवाई यांच्या मधोमध एका जागी जाऊन राहतात. नकाशात तिथं काही नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्या जागेला शार्कचं कॅफे म्हटलं. नर तिथं कधी कधी दिवसाला शंभराहून जास्त वेळा वर-खाली करतात. २०१८ मध्ये जहाज घेऊन पाहायला गेले तर ती जागा ओसाड नव्हती, खोलवर माकूळ-मासळी गच्च भरलेली. आमच्याकडंही लोक म्हणायचे, वाशिम-हिंगोलीकडं जंगल कुठं आहे, वाघ तिथं काय खाणार. वॉकर जाऊन आला.

ड्रोनचं एक सांगून थांबतो, कारण ते मी काकांना सांगायचं टाळत होतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या २६ किनाऱ्यांवर दोन वर्षं ड्रोन उडवले, दीड हजार वेळा. पांढऱ्या शार्कची पिलं जिथं गोळा होतात अशा जागी काय दिसलं? पाहिलेल्या दिवसांपैकी ९७ टक्के दिवशी शार्क आणि माणसं एकाच पाण्यात. पोहणारे पोहताहेत, लाटांवर पाट घेऊन पोरं खेळताहेत आणि त्यांच्याखालून आठ-नऊ फुटी सावली निघून जाते. कोणाला पत्ता नाही. हे सांगितलं तर काका घाबरतील असं मला वाटलं होतं. शेवटी सांगितलं.

काकांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "मंग त्यात काय? आपून पऱ्हाटीत कापूस येचतो तवा थो दुसऱ्या ओळीत बसलेला असते. थ्याले सारं मालूम असते. आपल्यालेच नसते."

त्या पोराचे फोटो निघाले. दोन दिवस आयपीएनं, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलनं, बोर्ड धुतला, कनेक्टर दुसऱ्या बोर्डाचा काढून लावला, दोन ठिकाणी जंपरच्या बारीक तारा टाकल्या आणि फोन पंधरा मिनिटं जिवंत राहिला. तेवढ्यात कॉम्प्युटरवर सगळं ओढलं. शेवटचा फोटो तिरका आहे: अर्धा चेहरा, आणि मागून येणारी हिरवट भिंत, तिच्या कडेवर फेस. मी तो बराच मोठा करून पाहिला. पाणी नुसतं. पोरानं दोनशे रुपये दिले आणि म्हणाला, बाकीचे कापूस विकल्यावर.

त्याच आठवड्यात आमची लाईनची पाळी रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, लाईट रात्री दहाला येणार आणि पहाटे जाणार. मी आणि बाबा दोघं गेलो. टॉर्च, काठी, बाबांच्या फोनवर मोठ्यानं भजन, कारण आवाज असला की तो वाट बदलतो असं बाबांचं म्हणणं. पाईप बदलला की मी मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसून ॲप उघडत होतो. फ्लोरिडाकडं एक ठिपका तासाभरापूर्वी पडला होता. शार्क तासाभरापूर्वी क्षणभर वर आला आणि मला, टिपेश्वरच्या कडेला, हरभऱ्यात कळलं. आमच्या नाल्यापलीकडं काय आहे हे मात्र कोणतंच ॲप सांगत नव्हतं.

पाचला लाईट गेली. उजाडल्यावर पाईप गोळा करायला निघालो तर धुऱ्याजवळच्या ओल्या मातीत पंजा. एक, मग दुसरा, नाल्याकडं गेलेले. आम्ही जिथं शेवटचा पाईप लावला होता तिथून वीस पावलांवर.

मी फोटो काढायला फोन काढला. बाबांनी मला हातानं मागं सारलं, उकिडवे बसले, बोट पंज्याच्या कडेला लावून पाहिलं, मग बाजूच्या पात्यांना हात लावला. पात्यांवर दव होतं. पंज्यात नव्हतं.

"दव पडल्यावर गेला," ते म्हणाले. "चाराच्या मागं-पुढं."

चार वाजता भजन बंद होतं. बाबांच्या फोनची बॅटरी संपली होती.